अंगठा

बंदी लागली, होड्या वर ओढल्या,
आणि वेंगुर्ल्याच्या बंदरावर, सोसायटीच्या बर्फाच्या शेडमध्ये
कॅरमची स्पर्धा. माणशी पन्नास रुपये,
पहिल्याला एक हजार एक आणि एक थर्मास.
नवराबायको आली तर चहा फुकट,
म्हणून आम्ही दोघं.

चिठ्ठ्या टाकल्या. सेमीफायनलला
माझ्यासमोर हा.

लोक हसले. हसोळकर म्हणाले,
"पैशे एकाच घरात जातले, खेळतास कित्याक?
टॉस उडवा नि आटपा."
फायनलला पोचलेला मेघश्याम तेवढा गप्प.
त्याला दमलेलं कुणीतरी हवं होतं,
किंवा खरं कुणीतरी. विचारलं नाही.

हवा इतकी ओली की बोरिकचे गोळे होत होते,
स्ट्रायकर मध्येच थांबायचा, विसरल्यासारखा.
तरी पहिला बोर्ड त्याचा. दुसऱ्यात
राणी त्याने घेतली, कव्हरची सोंगटी
डाव्या पॉकेटच्या तोंडाशी, नुसती फुंकर मारायची.
ती त्याने चुकवली.

अठरा वर्षं ही बोटं बघतेय मी.
लाईट गेलेली असताना, पोराला मांडीवर घेऊन
असली सोंगटी याने चाचपून घातली आहे.
रुजायकडे बघितलं. पंच तो.
म्हणाला, "चुकूक बंदी नाय गो."
तो बोर्ड माझा झाला,
उन्हात राहिलेल्या माशासारखा.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, बाजारात,
बांगड्यांच्या पारड्यावर
अंगठा जरासा टेकवला होता मी.
गिऱ्हाईक परगावचं, परत येणार नव्हतं.
यानेच मागून माझा हात उचलला होता.
बोलला काहीच नव्हता.

आता बोर्डावर वाकून मी म्हटलं,
"अंगठा काढ."

कान लाल झाले त्याचे.
मग जो खेळला!
कोपऱ्यातून, पट्टीवरून, उलट्या हाताने,
जिथे मी डोळा ठेवावा तिथली सोंगटी गायब.
इतका राग आला मला त्याचा,
आणि कितीतरी दिवसांनी
तो इतका आवडला.

चार सोंगट्या उरल्या होत्या. पाळी माझी, नेम लागलेला.
काकण लागलं. काळी तांदळाएवढी सरकली.
कुणी बघितलं नाही,
रुजाय दाराशी कुणाबरोबर डिझेलचा भाव बोलत होता.
मी स्ट्रायकर पुसला. परत पुसला.
चहा आला, कप रिकामे होऊन गेले.
मग हात वर केला, फाऊल.
एक सोंगटी परत मधे, आणि मॅच गेली.

फायनलला मेघश्यामने याला सरळ धुतला.

घरी निघालो, शंभर रुपयांनी हलके.
जेटीच्या वळणावर, अंधारात, हा म्हणाला,
"काकण लागलेला माका दिसला हुता."
"मगे बोललस नाय कित्याक?"

चपलेत वाळू गेली होती म्हणे.
एका पायावर बराच वेळ उभा राहिला,
माझा खांदा धरून.