काठावरचा नमुना

दोन माग विकले तेव्हा आई आठवडाभर बोलली नाही.
त्यांच्या बदल्यात टपालाने आली तळहाताएवढी चकती.
नान्ना म्हणाले, "पल्लासाइट."
आईने ते नाव सवतीचं असावं तसं ऐकलं.

साखर पेठेत, मागच्या खोलीत,
खिडकीशी धरली की पेटायची ती:
लोखंडात अडकलेले पिवळट-हिरवे खडे,
करडईच्या ताज्या तेलाचे थेंब
घरंगळायचे राहून गेल्यासारखे.
"एक ग्रह फुटला. आठळी लोखंडाची, गर दगडाचा.
दोन्ही भिडले होते ना, तिथलं आहे हे."

आम्लाने पुसल्यावर धातूवर पट्ट्या उमटल्या,
तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या.
चाळीस वर्षं जॉबर राहिलेली बोटं
ताणा शोधत फिरली, मग बाणा.
गाठ नाही. तुटका धागा नाही.
शेजारच्या कारखान्यात मिनिटाला एकशेवीस फटके,
आणि हा माग
लाख वर्षांत चार-दोन अंश निवत गेलेला.

हवा मात्र त्याला इथलीच मानवली.
आम्ही टँकरची वाट बघायचो, घागरी मोजायचो,
नान्ना भिंतीवरचा दमटपणाचा काटा बघून खूश:
"गंज धरत नाही बघ."

मग लोक दगड आणू लागले.
मोहोळहून, बार्शीहून, पिशवीत, फडक्यात.
रुळाकडेची मळी, भट्टीतला गोळा,
एकदा तर फुटका वरवंटा.
जुन्या स्पीकरचं चुंबक दोऱ्याला बांधून
नान्ना दगडाजवळ झुलवायचे,
कोपरा कानशीने घासायचे.
'नाही' म्हणणं त्यांना जमलं नाही कधी.
म्हणायचे, "हा इथलाच आहे."
माणसं हिरमुसून दगड तिथेच सोडून जायची.
पोत्यात एकशे बारा झाले.

इरफान नदाफने मंद्रूपकडच्या विहिरीतून गंजका गोळा आणला,
मांडीवर घेऊन, एसटीने.
कानस फिरली. चकाकलं.
चकाकीत एक हिरवा ठिपका.
नान्ना काहीच बोलले नाहीत.
पोरगं घाबरलं, "इथलाच का, चाचा?"

प्रयोगशाळेला वीस ग्रॅम हवे होते, नाव द्यायला.
"थानाच्या काठाचा नमुना देतात, मधून नाही,"
एवढीच अट घातली त्यांनी.
कापायला दिवस गेला.
करवतीखालचा काळा गाळ
मलमलीतून गाळून, वाळवून, तोलून
इरफानच्या हातात दिला पुडीत:
"हेही तुझंच."

सात महिन्यांनी पत्र आलं.
नान्नांनी दोनदा वाचलं, चष्मा पुसला, तिसऱ्यांदा वाचलं.
आणि रात्री जेवण टाकून
पोतं ओतलं अंगणात.
एकेक उचलून पुन्हा घासू लागले,
ज्यांना ज्यांना इथलंच म्हटलं होतं त्या सगळ्यांना.

आई टॉर्च धरून उभी होती.
"हा वरवंटा तरी राहू द्या," म्हणाली.