काडेपेटी जमा

अण्णा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते.
गेटवर झडती. काडेपेटी जमा, बिडीचं बंडल जमा,
बदल्यात पितळी बिल्ला.
आत आठ तास एक झुरका नाही.
ते आठ तास मग घरी येऊन ओढत,
क्वार्टरच्या एकुलत्या खोलीत,
रेडिओला पाठ टेकून.
थंडीत आई खिडकी घट्ट लावून घ्यायची,
भास्करला खोकला आहे म्हणून.

मला नव्हता.
एका गोधडीत झोपायचो आम्ही दोघं,
हवाही एकच, निम्मी-निम्मी.
पर्वतीच्या अर्ध्या पायऱ्यांवर तो बसायचा.
तू हो पुढे, म्हणायचा, मी माणसं मोजतोय.
आळशी म्हणत त्याला शाळेत.
मीही म्हणे.

बेचाळिसाव्या वर्षी, औंधच्या छातीच्या दवाखान्यात
त्यानं नळीत फुंकलं.
बाई ओरडत होती, अजून, अजून, सोडू नका —
पडद्यावरची रेघ उठली
आणि लगेच खाली बसली.
मग रक्त गेलं कुठेतरी लांब. तीन आठवडे.

डॉक्टर पानसेंनी केसपेपरच्या पाठीवर काढून दाखवलं:
यकृतातून एक राखणदार निघतो फुप्फुसांकडे.
यांचा तिथेच अडकून पडतो.
त्याला जनुकाच्या दोन खराब प्रती लागतात,
एक वडिलांकडून, एक आईकडून.
वर धूर.
नुसत्या धुरानं एवढं होतंच असं नाही, म्हणाल्या,
आणि माझ्याकडे बघितलं.

अण्णा जाऊन नऊ वर्षं झाली.
फोटोला हार घालताना आई दर वेळी पुटपुटते,
पोराची छाती खाल्लीत.
"एक माझी?" तिनं विचारलं.
रिक्षात बोपोडीच्या सिग्नलपर्यंत गप्प होती.
मग म्हणाली, खिडकी मीच लावायचे.
भास्कर झोपल्यासारखा डोळे मिटून.

कारखान्यात म्हणे प्रत्येक कोठारावर
लाल अक्षरांत लिहिलेलं असायचं, आत काय आहे.
गोधडीवर काही लिहिलेलं नव्हतं.

माझ्या तपासणीची चिठ्ठी पर्समध्ये आहे,
अजून घडीच मोडली नाही.
मुलगा गॅलरीत ओढतो, दार लोटून,
आत त्याची पोरगी झोपलेली,
दोन दिवस खोकतेय.
काल त्याच्यापुढे हात केला: काडेपेटी जमा.
लायटर असतो गं आता, म्हणाला,
आणि हसत हसत दिला.
मी त्याच्या तळहातावर बिल्ला ठेवला.
तीनशे सतरा.
उलटसुलट करून बघत राहिला.