मेलन सोडा

मंगळवार उजाडायच्या आत भाव बदलायचे असतात.
पहाटे चारला मुख्यालयाची लेबलं
यंत्रातून जिभेसारखी बाहेर लोंबतात.
मी ती फाडते, फ्रीजपुढे गुडघे टेकते
आणि नखाने एकेक जुना आकडा उचकटते.

हिरवा चहा, अकरा येन जास्त.
कोला, अकरा.
बार्लीचा चहा, ज्यात बार्ली आणि पाण्याखेरीज काही नाही,
त्याचेही अकरा.
सगळ्यांचे अकराच कसे, हे विचारायचं कुणाला?
यंत्राला फक्त कागद संपल्याचं कळतं.

बाहेर मुरोरान झोपलेलं.
बर्फ लोटणारी गाडी पार्किंगमध्ये
मागे येताना तेवढी किंचाळते.
हल्ली गिऱ्हाइकं बाटलीशीच बोलतात.
लाकडाच्या ट्रकवाला ती उचलतो, पाठ वाचतो,
"साखरच आहे ना गं तुझ्यात?" म्हणतो, ठेवून देतो.
शाळेच्या दोन मुली एकीत दोन नळ्या घालून
कॉपी यंत्राजवळ उभ्या राहतात,
आणि पोलाद कारखान्याचे रात्रपाळीवाले
घरून थर्मास आणतात, आमच्याकडून
नुसतं गरम पाणी नेतात. फुकट असतं ते.
अजून.

दर एकोणीस तारखेला निवा-सान येतात.
आज एकोणीस आहे हे मी विसरले होते.
आधी ते कचऱ्याच्या पेटीशी थांबतात:
गेल्या महिन्याची बाटली, विसळलेली,
लेबल सोलून वेगळं, झाकण वेगळ्या भोकात.
मग आत येऊन मेलन सोडा घेतात,
आणि कॅमेऱ्याच्या रोलच्या काळ्या डबीतून
घरून मोजून आणलेली नाणी ताटलीत ओततात.
दीपगृहाकडच्या वळणावर, लोखंडी कठड्यापाशी,
ती बाटली ठेवतात. झाकण अर्धं फिरवून.
कोहेईला घाई असायची, एवढंच एकदा म्हणाले होते.

आज डबीतून एकशे त्र्याहत्तर निघाले.
पडद्यावर एकशे चौऱ्याऐंशी.
त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्या बोटाला
चिकटून राहिलेल्या लेबलाकडे.
"अजून लावलं नाहीत तुम्ही."
"मी नाही लावलं. पण गल्ल्याला बारा वाजताच कळतं."
मला लाज वाटली, जणू ते अकरा येन
मीच घरी नेणार होते.

कोटाच्या अस्तरात एक दहाचं सापडलं.
एकचं सापडेना.
पाकीट उघडून ते कप्पे चाचपू लागले,
तेव्हा एक घडी केलेला कागद काउंटरवर पडला.
पावती. आमच्याच दुकानाची, आमच्याच मापाची,
आणि पूर्ण कोरी.
"त्याच्या जॅकेटात होती," ते म्हणाले.
"मी उन्हात कधी काढली नाही. तरी गेली."

हा कागद असाच असतो, मी सांगितलं नाही.
शाई नसतेच त्याच्यावर, नुसती ऊब असते,
आणि उबेनेच ती पुसते,
खिशातल्या खिशात.

"एकशे सत्तेचाळीस होती ना तेव्हा?"

तेव्हा मी कुशिरोला होते, मासळीच्या गोदामात,
बोटं बर्फात, डोकं दुसऱ्याच संसारात.
उभ्या जन्मात मी मेलन सोडा
विकत घेतलेला नाही.
"हो," मी म्हटलं. "एकशे सत्तेचाळीस."

त्यांनी पेन मागितलं.
फॉर्म भरावा तसे सावकाश तीन आकडे लिहिले,
फुंकर घातली, जणू ओले आहेत.
एकचं नाणं मग घड्याळाच्या खिशात मिळालं.
नवी पावतीही त्यांनी घेतली,
दुसऱ्या खिशात ठेवली.

दार गाणं म्हणत मिटलं.
मी परत गुडघ्यांवर.
एकशे चौऱ्याऐंशी. अंगठ्याने दाबलं.
खालचं जुनं नीट निघालं नव्हतं;
कडेने एक सात
बाहेर डोकावत राहिला.