मुदतीचा ताप

साखर पेठेतल्या दवाखान्याचं हे रजिस्टर.
बेचाळीसचा ऑगस्ट काढा.
एका आठवड्यात मुदतीचा ताप, सतरा जणांना.
अक्षर माझं. सांगणारे डॉक्टर गड्डम.
"लिही बाशा, मुदतीचा ताप,"
आणि आत टेबलावर पोटरीतून गोळी निघत असायची.

क्लोरोफॉर्म लढाईवर गेलेलं,
क्विनाइन काळ्या बाजारात.
पोरांच्या दातांत आम्ही मागाचा धोटा द्यायचो.
तीन धोट्यांवर दात उमटलेत.
अजून कपाटात आहेत, मी फेकू देत नाही.

डॉक्टर विणकराच्या घरचे.
टाक्याला गाठ मारायचे ती कॉलेजातली नव्हे,
तुटला ताणा सांधायची, त्यांच्या आईची.
म्हणायचे, "ही सुटत नाही,
आणि बोटालाही लागत नाही.
लागली तर कापड खालच्या भावात जातं."

एकदा फौजदार आला. पानं चाळली.
"फार साथ आहे हो तुमच्या पेठेत."
"पाणी वाईट आहे, साहेब."
तेवढ्यात मिलचा भोंगा झाला.
माझ्या पायजम्यावर शाई सांडली होती,
ती त्याने पाहिली. काही बोलला नाही.
महिन्याने नेलंच.
डॉक्टर चौदा महिने आत, मी चार.

स्वातंत्र्य आलं तेव्हा वाटलं,
आता खरे आजार लिहायला मिळतील.
मिळाले. विडी वळणाऱ्या बायकांची छाती,
पानांपुढे पानं, क्षय, क्षय, क्षय.
डॉक्टर त्यांच्याबरोबर कारखान्याच्या फाटकात बसले,
गळ्यात स्टेथोस्कोप, खाली तापलेली फरशी.
पुन्हा नेलं. चौकी तीच, झेंडा नवा.

पुढे पेन्शनचे फॉर्म निघाले.
डॉक्टरांनी भरला नाही,
पण शिवलिंग होटकरसाठी कचेरीत गेले,
मीही रजिस्टर काखेत घेऊन.
कारकुनाने बोट ठेवून वाचलं:
मुदतीचा ताप.
"यात गोळी कुठे आहे?"

मी म्हटलं, खोडून दुरुस्त करतो.
डॉक्टर म्हणाले, "हात लावू नकोस."
होटकरने भर कचेरीत धोतर वर केलं,
पोटरी टेबलावर ठेवली,
फायली बाजूला सारून.
"बघा," डॉक्टर म्हणाले, "आत सुताचा टाका आहे.
गाठ माझी आहे."

कारकुनाने चष्मा सावरला, बोट फिरवलं.
वर, खाली, पुन्हा वर.
म्हणाला, "काहीच लागत नाही."

अर्ज गेला तो गेलाच.
पण डॉक्टरांचा चेहरा
तेव्हा बघायला हवा होता.