रातमेणबत्तीचं तेल

एल्बेकाठच्या आमच्या गावात
रूळ नदीपर्यंत येऊन संपतात.
पुढे पूल नाही, पुलाचे खांब आहेत,
आणि खडीत उगवलेली ती :
कमरेइतकी उंच, पिवळी, कुणीच न लावलेली.
नाख्टकेर्त्से. रातमेणबत्ती.
पहिलं वर्ष जमिनीला चिकटून काढते
पानांची नुसती चकती होऊन.
दुसऱ्या वर्षी उभी राहते, फुलते, बी टाकते, मरते.
एवढंच तिचं चरित्र.

मी विबके. औषधांचं दुकान माझं,
सासऱ्यांकडून आलेलं, पितळी तराजूसकट.
तिसऱ्या फळीवर तिचं तेल,
गडद काचेच्या बाटलीत,
कारण उजेड त्याला सोसत नाही.
(फुलालाही कुठे सोसतो?)

लोक विचारतात, हे कशावर?
मी सांगते : मोहरीहून बारीक बी,
थंड घाण्यात दाबून काढतात.
त्यात एक आम्ल असतं, गॅमा-लिनोलेनिक,
आईच्या दुधातही असतं थोडंसं.
कातडीला खाज सुटते, पाळीआधी छाती ठणकते,
अशा वेळी माणसं घेतात.
आणि गुण?
इथे माझा आवाज आपोआप खाली येतो.
चाचण्या झाल्या. काहींना हे दिलं,
काहींना दुसरंच कुठलं साधं तेल.
दोन्हीकडे माणसं जवळजवळ सारखीच बरी झाली,
सारखीच खाजवत राहिली.
फिट येत असेल तर घेऊ नका.
रक्त पातळ करायची गोळी चालू असेल
तर आधी डॉक्टरांना विचारा.

"मग विकता कशाला?" हेर टिडेमान म्हणाले.
मी त्यांचे सुटे पैसे
दोनदा मोजले.

सासरे सांगायचे, युद्ध संपल्यावरच्या हिवाळ्यात
त्यांनी हिची मुळं खणून खाल्ली.
उकडली की गुलाबी पडतात, हॅमसारखी.
म्हण होती : हिच्या शेरभर मुळांत
बैलाच्या मणभर मांसाची ताकद.
"मांस नव्हतं," ते म्हणायचे,
"म्हणून म्हण होती."

गेशे होडीवर तिकिटं फाडते.
तिची फेन्या सहा वर्षांची,
कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या घड्या
सोलल्यासारख्या लाल.
रात्री हातांत मोजे घालून झोपते,
मोज्यांनीच खाजवते.
गेशेनं तिसरी बाटली मागितली तेव्हा
मी पुन्हा सगळं सांगितलं, आकड्यांसकट.
तिनं ऐकून घेतलं.
म्हणाली, "माहीत आहे मला.
पण रात्री दीड वाजता
हातात काहीतरी लागतं ना."

जूनमधल्या एका संध्याकाळी, साडेनऊनंतर,
आम्ही तिघी रुळांवर गेलो.
कळी आधी थरथरली.
मग बाहेरचं हिरवं वेष्टण टचकन मागे वळलं,
आणि चार पाकळ्या सुटल्या,
छत्री उघडावी तशा. मिनिटसुद्धा लागलं नसेल.
फेन्यानं डावा मोजा काढला,
परागाला बोट लावलं,
तर ते धाग्यांनी लोंबत बाहेर आलं.
"चिकटतंय," ती कुजबुजली.
एक मोठा पतंग तिच्या कानाजवळून गेला
तरी ती हलली नाही.
गेशे फुलाकडे पाहत नव्हती.
मोजा न घातलेल्या हाताकडे पाहत होती.

मग खाज आलीच.
ऑगस्टमध्ये डॉक्टरांच्या मलमानं
कोपरं बरीच निवळली. तेलानं नाही.
हे मी दुकानात कुणालाही सांगते.

सप्टेंबरात गेशे रिकामी बाटली घेऊन आली.
आत चमचाभर काळं-तपकिरी काहीतरी.
फेन्यानं रुळांवरून वेचलेलं बी.
"तुमच्या फळीसाठी म्हणाली."
दुकान बंद केल्यावर
त्यातले दोन-चार दाणे
मी सासऱ्यांच्या तराजूत टाकले.
काटा हलला नाही.
बाटलीला चिठ्ठी लावली,
नाव लिहिलं, महिना लिहिला,
आणि 'उपयोग' या शब्दापुढे
पेन टेकवून
बराच वेळ उभी राहिले.
शाईचा एक ठिपका तेवढा पसरला.