येणाऱ्याची जोडी

जाणारं शहाण्णव. येणारं एक पूर्णांक चार.
प्लॅन शंभरचा आहे, पैसे भरल्याचा मेसेज आहे,
आणि हुडकेश्वर रोडच्या या दोन खोल्यांत
मे महिन्याच्या दुपारी
मी तिसऱ्यांदा राउटरचा प्लग काढते,
तीस मोजते, परत लावते.
लाल दिवा. मग हिरवा. मग तेच.

कस्टमर केअरची मुलगी गोड बोलते.
मॅडम, राउटर उंचावर ठेवा.
ठेवला, गव्हाच्या कोठीवर.
मॅडम, भिंतीपासून लांब ठेवा.
अगं, भिंतीपासून लांब म्हणजे माझ्याकडे अंगणच.
मॅडम, कितीजण वापरतात?
मी एकटी. पलीकडे शालिक.
मग मॅडम, तोवर साधा व्हॉइस कॉल करून बघा ना.

मी फोन ठेवला नाही. नुसती गप्प बसले.
तिला वाटलं असेल, लाइन तुटली.

शालिक बल्लारपूरला असतो,
मिलच्या भोंग्याला खेटून खोली.
भाडं कमी, कारण तो भोंगा कुणाला सहन होत नाही.
त्याला होतो.

आमची भाषा कुठल्या शाळेतली नाही.
तो चार वर्षांचा, मी सात,
ओट्यावर बसून आम्हीच जमवली.
कानाची पाळी चिमटली की मी.
तळहात चाटला की आई, ती भाजी तशी चाखायची म्हणून.
मनगटावर दोन बोटं टेकली, दवाखाना.
एकच टेकलं तर घड्याळ: उशीर झाला, जेवून घे.

आठ दिवस झाले, तो अर्ध्यावर थिजतो.
हात मनगटाच्या वर, हवेत,
बोटं एक की दोन, चौकोन चौकोन,
आणि त्याच्या छातीवर ते वर्तुळ फिरत राहतं.
मी ओरडते. ओरडून काय उपयोग, तरी ओरडते.
तो मात्र मला पाहतो नीट.
मध्येच एक अंगठा येतो: तू क्लिअर दिसते.
माझं त्याला सगळं पोचतं,
मी पोचू नये म्हणून झाकलेलंसुद्धा.

चार वाजता पराते आला, तोंडाला दुपट्टा बांधलेला,
दोन ग्लास पाणी प्याला, मग डब्याला लॅपटॉप लावला.
सत्त्याण्णव.
"बाहेरून बराबर येऊन रायलं, ताई. बिमारी घरातच हाय."
डब्यापासून राउटरपर्यंत वायरमागे वायर हाताने चाचपत
तो कूलरच्या स्टँडखाली आडवा झाला.
"काहून हो, कूलर याच्यावरच ठेवला?"

ओला प्लग. कापला तर आत आठ तारा, केसांसारख्या.
"हे नारिंगी जोडी जाणाऱ्याची.
हे हिरवी, येणाऱ्याची. पाहा."
हिरव्या तारांच्या टोकाला हिरवंच धरलं होतं,
चिंच लावायची राहून गेलेल्या गडव्याला धरतं तसं.
"थेंब थेंब पाणी मुरून रायलं होतं.
जाणाऱ्याले काही झालं नाही.
येणाऱ्यालेच लागलं."
बोटभर वायर त्याने कच्कन छाटून टाकली.
नवा प्लग बसवला, टक्.
पैसे घेतले नाहीत, पाच स्टार तेवढे द्या म्हणाला.

चौऱ्याण्णव.
शालिक आला. मागे दोरीवर त्याचा बनियन हलत होता,
हलताना दिसला.
मी विचारलं, त्या दिवशी मनगटावर एक होतं की दोन?
त्याने आठवून पाहिलं. खांदे उडवले. काय माहीत.

मग त्याने एक खूण केली, मला न येणारी:
मान पुढे, डोळे बारीक, तोंड उघडं,
आणि कानाची पाळी चिमटलेली.
म्हणजे मी. आठ दिवसांतली मी.
नवीन शब्द केला होता त्याने, माझ्यावर,
आणि हसला तो, अगदी शेवटपर्यंत हसला,
शेवटचा दातही दिसला, पडलेल्या दाताची जागाही.

कूलर दीड फूट सरकवला आहे.
झोत आता पायांवर येतो, तोंड घामेजतं.
येऊ दे.