दुमडीतला निळा

एकतीस मार्चला हे रिटायर झाले.
एक एप्रिलला गच्चीच्या दोरीवर नऊ निळे शर्ट,
सगळे एका मापाचे, सगळ्यांच्या खिशाखाली
बॉलपेन गळल्याचा डाग, जरा डावीकडे.
भांडेवाली म्हणाली, नऊवर एक स्टीलचा डबा देते.
मी झाकण लावून पाहिलं. नीट बसत नव्हतं.
राहू दे म्हटलं.

मशीन पुसली, तेल सोडलं.
पट्टा सैल आहे, मधेच घसरतो,
मग चाक हातानं फिरवायचं आणि गप्प बसायचं.
पहिली बाही खांद्यापासून उसवत होते
तेवढ्यात हे दारात.
"अवं, जित्या माणसाचे हात काहून काढून राहिली तू?"

हातमोजे करते, म्हटलं. पोरींसाठी.
मे महिन्यात वर्धा रोडनं स्कूटी हाकतात दोघी,
बाजारातले मोजे पॉलिएस्टरचे, घामोळं येतं.
ह्याला वर इलॅस्टिक, खाली कफ आयताच आहे,
कफापुढे पंजावर एक पट्टी, अंगठ्याला भोक.
इतकं सोपं
की शिवलं म्हणायचीही लाज वाटावी.

हे बोलले नाहीत. कूलरमध्ये पाणी भरायला गेले.
बराच वेळ भरत होते.

बाही टेबलावर सपाट केली तेव्हा दिसलं.
कोपराच्या वर कापड विटून
पाण्यात नीळ कमी पडल्यासारखं,
आणि कोपराच्या खाली, थेट कफापर्यंत,
गडद. दुकानातून कालच आणल्यासारखं.

बाह्या दुमडून फिरायचे ना हे.
हुडकेश्वर, नंदनवन, झिंगाबाई टाकळी,
फाटक वाजवून नुसतं "मीटर" म्हणायचं,
कुत्रं बांधलंय का ते आधी बघायचं.
ऊन सगळीकडे शिरलं, दुमडीत नाही.
आणि नेमका तेवढाच हात यांचा
करपून काळा, घड्याळाच्या पट्ट्याची जागा सोडून.
एकाच ठिकाणचे दोन गडद रंग:
एक ऊन खाऊन आलेला,
एक ऊन न लागता उरलेला.

हे मी यांना सांगितलं नाही.
सांगितलं असतं तर म्हणाले असते, चहा ठेव.

रविवारी पोरी आल्या. प्रणोतीनं हात पुढे केला,
मी टेप धरली, पण बारीक आकडे आता मला लागत नाहीत.
हे उठले. चष्मा कपाळावर ढकलून वाकले,
तसेच, जसे हजारो जिन्यांखाली वाकले असतील,
आणि मोठ्यानं, लांबच्या माणसाला ऐकू जाईल असं:
"साडेबावीस."
मग जुनी डायरी काढली.
'मागील' आणि 'चालू' असे दोन रकाने होते त्यात.
मागीलमध्ये रेघ मारली. चालूमध्ये लिहिलं.
धाकटी म्हणाली, बाबा, बिल किती येईल?
"पिवळा बल्ब बंद कर आधी," हे म्हणाले,
आणि मला बरं वाटलं.

मग काही थांबलंच नाही.
पाठीच्या कापडाच्या भाजीच्या पिशव्या,
बटणपट्टी तशीच ठेवून उशीचे अभ्रे,
कॉलरचं काय करायचं ते अजून सुचलेलं नाही,
डब्यात आहेत आठ.
एक खिसा हातात घेऊन हे स्वतःच म्हणाले,
मेश्राम जूनमध्ये सुटतो, त्याला चष्म्याचं घर कर.
डाग धुऊ का?
"डाग राहू दे. ओळखेल तो."

नववा शर्ट मी कापला नाही.
परवा भर दुपारी तोच घालून
हे गांधीबागेत दोरा आणायला गेले.
दोन वाजता परत आले, घामानं निथळत,
बाह्या पहिल्यांदाच पूर्ण खाली,
कफाचं बटणसुद्धा लावलेलं.
टेबलावर दोन रिळं ठेवली.
"कोणता निळा ते समजलं नाही," म्हणाले,
"विटका बी आणला. गडद बी."